फरशीखालचं काम झाकायच्या आधी बघून घ्या: धाकटीच्या घराची गोष्ट

नोव्हेंबरातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले होते, कासारवडवलीच्या साइटवरून मी उशिरा आलो होतो, जेवून आडवा होणार तेवढ्यात धाकटीचा व्हिडिओ कॉल. ती जर्मनीत असते, श्टुटगार्टजवळच्या एका गावात, तिकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. स्क्रीनवर तिचा चेहरा नाही, तिचे पाय दिसत होते, अनवाणी. "दादा बघ ना, किचनची फरशी बर्फासारखी आहे, पिल्लूच्या खोलीत पण गारठा आणि इकडे ह्यांच्या अभ्यासाच्या खोलीत बसवत नाही इतकं गरम. एवढे पैसे ओतले रे ह्या हीटिंगमध्ये." आवाज रडवेला झाला होता तिचा. माझी भाची चार वर्षांची आहे आणि ती स्वेटर घालून झोपत होती नवीन घरात, हे ऐकल्यावर मला पण झोप येईना.

तर हे हीटिंग म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आपल्या ठाण्यात फरशी गार लागली तर बरंच वाटतं, फरशी गरम करायचा प्रश्न आपल्याला कधी पडतच नाही. तिकडे नवीन घरांमध्ये भिंतीवरचे रेडिएटर जाऊन फरशीखाली पाइप घालतात. सगळ्यात खाली स्लॅब, त्यावर थर्माकोलसारखी जाड इन्सुलेशनची शीट, त्यावर प्लास्टिकचा पाइप, साधारण १६ एमएमचा, गोगलगायीच्या शंखासारखा गोल गोल फिरवत अख्ख्या खोलीत पसरलेला, आणि त्यावर सिमेंटचा कोबा. पाइपच्या वर साडेचार सेंटिमीटर तरी कोबा पाहिजे. मग त्यावर टाइल्स किंवा लाकडी फ्लोअरिंग. पाइपातून कोमट पाणी फिरतं, ३०-३५ डिग्रीचं, हीट पंप ते गरम करतो. कोब्याला ते लोक एस्ट्रिष म्हणतात. धाकटी आता असे शब्द सहज बोलते, मी मात्र कोबाच म्हणतो.

मी वीस वर्षं प्लंबिंगच्या कामावर सुपरवायझर आहे, बहुतेक कामं ठाणे आणि घोडबंदर रोडवर, फ्लोअर हीटिंग एकही केलेलं नाही. पण पाइप जमिनीत गाडायचा आणि वर फरशी लावायची हे रोजचंच काम आहे आणि त्याची दुखणी सगळीकडे सारखीच असतात. फरशी लागली की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही, करणाऱ्यालाही नाही आणि पैसे देणाऱ्यालाही नाही.

हे मला आमच्याच घरात कळलं. २०१४ साली पाचपाखाडीतल्या आमच्या फ्लॅटचं बाथरूम नवीन केलं. मी तेव्हा दोन महिने पुण्याच्या साइटवर होतो, बाबांनी एक कॉन्ट्रॅक्टर धरला, माणूस बोलायला गोड होता, म्हणाला काका आठ दिवसांत करून देतो. आणि दिलं पण. टाइल्स अगदी छान, लायनीत बसवलेल्या. चार महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि बाबांना म्हणाल्या, जरा खाली येऊन बघता का. त्यांच्या बेडरूमच्या कोपऱ्यात छताचा पोपडा सुटला होता, खाली पलंगावर त्यांनी स्टीलचं पातेलं ठेवलं होतं आणि पातेल्यात बोटभर पाणी. काकू एक शब्द रागाने बोलल्या नाहीत, बाबांना तेच जास्त लागलं.

मी आलो, टाइल्स फोडल्या. खालचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा भराव, नुसता चिंब. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर वर चढवलाच नव्हता आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या भांड्याच्या, गळ्याभोवती करंगळी जाईल एवढी फट. एवढंच. टाइल्स लावायच्या आधी ट्रॅपला बोळा मारून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं असतं, भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारून ठेवली असती आणि खाली काकूंच्या छतावर हात फिरवला असता तर त्याच आठवड्यात कळलं असतं. ४८ तास. त्या ४८ तासांचा कंटाळा केला आणि आम्ही अख्खं बाथरूम दुसऱ्यांदा केलं, वर काकूंचं छत आणि रंग पण. बाबांचं तेव्हा पायाचं ऑपरेशन झालेलं होतं आणि ते महिनाभर शेजारच्यांच्या बाथरूमला काठी टेकत जात होते, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून गेल्या मे महिन्यात धाकटी म्हणाली की दादा आमचे पाइप टाकून झाले, परवा कोबा ओतणार आहेत, तेव्हा मी तिला सांगितलं की उद्या ऑफिसला दांडी मार पण साइटवर जा आणि टेप घेऊन जा. ती वैतागली. इथे सगळं नियमाने असतं रे, इथे असं नसतं म्हणाली. मी म्हटलं असेल, तरी जा. आमचे जावई पण म्हणाले की दादा म्हणतायत तर जाऊ या, मग गेले दोघं.

तिकडून त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक खोली दाखवली. प्रत्येक खोलीचा दारात उभं राहून पूर्ण फोटो, मग पाइपांवर आडवी टेप ठेवून जवळून फोटो. खोलीभर दोन पाइपांत १५ सेंटिमीटर अंतर होतं आणि मोठ्या काचेच्या खिडकीपाशी १०, ते बरोबर आहे कारण थंडी तिथूनच आत येते. भिंतीच्या कडेने सगळीकडे फोमची पट्टी आहे ना ते बघितलं. कोबा तापला की पसरतो, त्याला भिंतीपाशी जागा नसेल तर तो तडकतो, ही पट्टी त्यासाठी. आणि ही पट्टी वरच्या टाइल्स लागून होईपर्यंत कापायची नाही, नाहीतर टाइलचा गम त्या फटीत शिरून घट्ट होतो आणि पट्टी असून नसल्यासारखी.

एक गोष्ट मला फार आवडली. त्या पाइपवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. मॅनिफोल्डला, म्हणजे जिथून सगळे पाइप निघतात आणि परत येतात त्या पेटीला, जो पाइप जोडलाय त्याच्या दोन्ही टोकांचे आकडे वाचले आणि वजाबाकी केली की त्या लूपची, म्हणजे पेटीतून निघून परत येणाऱ्या त्या एका अखंड पाइपाची, लांबी मिळते. १६ एमएमचा लूप साधारण १०० मीटरच्या वर जाऊ नये, नाहीतर पंपाला पाणी ढकलायला जड जातं आणि शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत ते थंड होतं. १५ सेंटिमीटर अंतराने पाइप टाकला की एका चौरस मीटरला साडेसहा-सात मीटर पाइप लागतो, म्हणजे ३० चौरस मीटरच्या हॉलला दोनशे मीटर, तो एका लूपमध्ये बसणारच नाही. धाकटीच्या हॉलला तीन लूप होते. मी वहीत सगळे आकडे लिहून घेतले, सगळ्यात लांब ८८ मीटर. ते काम चोख होतं, ते पण सांगायला पाहिजे.

पण हॉल आणि पॅसेजच्या मध्ये, दाराखाली, कोब्याचा जॉइंट येणार होता. तिथून पाइप पार जातो तेव्हा त्याच्यावर एक जाड नळी चढवावी लागते, कारण जॉइंटच्या दोन बाजूचे कोबे वेगवेगळे हलतात आणि मध्ये पाइप चिरडला जाऊ शकतो. सहा पाइपांपैकी दोघांवर ती नळी नव्हतीच. मी म्हटलं कॅमेरा परत मागे घे, परत, थांब, हे बघ. जावयांनी तिथल्या माणसाला दाखवलं, तो शांतपणे गाडीतून उभी चिरलेली नळी घेऊन आला आणि दोन मिनिटांत चढवून टाकली. दुसऱ्या दिवशी कोबा पडल्यावर त्याला काहीही करता आलं नसतं.

मग प्रेशर टेस्ट. इथे आपण कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेल्या, लाइनला हातपंप लावून दहा किलो प्रेशर देतो आणि काटा बघत बसतो, तिकडे ह्या पाइपांना युरोपियन स्टँडर्ड आहे, ईएन १२६४, त्याप्रमाणे ४ ते ६ बार. एक बार म्हणजे जवळजवळ आपला एक किलोच. प्लास्टिकचा पाइप सुरुवातीला जरा फुगतो त्यामुळे काटा पहिल्यांदा थोडा खाली येतो, परत चढवायचा आणि मग तो हलता कामा नये. ह्यातली मुख्य गोष्ट ही की कोबा ओतत असताना पण प्रेशर चालू ठेवायचं. कोणाचं फावडं लागलं, कोणी बुटाची टाच दाबली तर काटा लगेच पडतो, आणि ओला कोबा बाजूला करून पाइप दुरुस्त करता येतो. धाकटीने काट्याचा संध्याकाळी एक फोटो काढला, सकाळी कोबा ओतायच्या आधी एक आणि ओतून झाल्यावर एक. तिन्हीत काटा पाचच्या जरासा वर. पण त्या टेस्टचा सहीचा कागद मात्र तिला मिळाला नाही, देतो म्हणाले.

पुढे कोबा वाळायची घाई सुरू झाली. सिमेंटचा कोबा असेल तर २१ दिवस हीटिंग चालू करायचं नाही आणि मग पहिले तीन दिवस २५ डिग्रीचं पाणी, त्यानंतर चार दिवस ठरलेल्या जास्तीत जास्त तापमानाला, असा नियम आहे. जिप्समवाला कोबा असेल तर सात दिवसांनी चालतं. धाकटीचा सिमेंटचा होता आणि बाराव्या दिवशी फोन आला की आम्ही उद्या चालू करतो, टाइलवाला मोकळा आहे. टाइलवाला मोकळा आहे, हे वाक्य मी घोडबंदर रोडवर किती वेळा ऐकलंय! ती ठाम राहिली ह्याचं मला कौतुक वाटतं, परक्या देशात परक्या भाषेत नाही म्हणायला सोपं नसतं. लाकडी फ्लोअरिंगच्या आधी तर कोब्यातला ओलावा पण मोजून घेतला तिने, १.८ टक्क्याच्या खाली आल्यावरच लाकूड लावलं.

आणि एवढं सगळं करून नोव्हेंबरात तिचे पाय गार. मी त्या रात्री तिला पहिल्यांदा विचारलं की हॉलची फरशी कशी लागते. म्हणाली, गरम नाही, पण गार पण नाही. म्हटलं मग हॉल चांगला चालतोय. बऱ्याच लोकांचा इथेच गोंधळ होतो. फरशीला हात लावला की चटका बसावा असं काही नसतं, राहायच्या खोलीत फरशी २९ डिग्रीच्या वर जाऊच द्यायची नसते, आणि चांगलं इन्सुलेशन असलेल्या घरात ती २३-२५ ला असली तरी खोली उबदार होते. आपल्या पायाचं तापमान त्याहून जास्त, मग फरशी गरम लागणार कशी. आमच्या आजीकडे गावाला बंबाशेजारची शहाबादी फरशी सकाळी जशी असायची, ऊनऊन नाही पण पाय ठेवला तर काढावासा वाटायचा नाही, तेवढीच अपेक्षा धरायची. आणि तापायला वेळ लागतो, काही तास लागतात, एवढा जाड कोबा तापायचा असतो, त्यामुळे थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान ठरवायचं बटण, फिरवून पाच मिनिटांत हात लावून बघण्यात अर्थ नाही.

पण किचन खरंच गार होतं. मी तिला मॅनिफोल्डची पेटी उघडायला लावली आणि म्हटलं परत येणाऱ्या प्रत्येक पाइपला बोटं लावत जा. एक कोमट, दोन कोमट, तीन कोमट, करत करत सातवा. "दादा, हा गार आहे." किचनचाच. प्रत्येक लूपवर एक छोटी काचेची नळी असते, आत लाल रंगाची खूण, मिनिटाला किती लिटर पाणी जातंय ते दाखवणारी. बाकीच्या नळ्यांवर एक-दीड-दोन. सातव्यावर शून्य. व्हॉल्व्ह उघडा होता पण पाणी हलत नव्हतं. म्हणजे पाइपात हवा अडकलेली, दुसरं बहुतेक काही नाही. सुरुवातीला भरताना एकेक लूप वेगळा उघडून जोरात पाणी सोडून हवा काढायची असते, सगळे एकदम उघडले की पाणी सोप्या वाटेने जातं आणि एखाद्या लूपमध्ये हवा तशीच बसून राहते. हे तिने स्वतः करू नये असं मी सांगितलं, गॅरंटीत आहे, त्यांनाच बोलवायचं.

दुसऱ्या दिवशी तिने तापमान मोजायची ती पिस्तुलासारखी गन आणली. टाइल्स चकचकीत असतील तर ती गन चुकीचं दाखवते, म्हणून फरशीवर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवून त्यावर मोजायला सांगितलं. हॉल २४.५, किचन १९. हे सगळं तारीख-वेळ घालून लिहून ठेवलं, कारण नुसतं गार लागतंय म्हटलं की समोरचा म्हणतो मॅडम सवय होईल.

आता उरली अभ्यासाची खोली आणि पिल्लूची खोली, एक तापलेली आणि एक गार. ह्या दोन खोल्यांच्या लूपमध्ये पाणी व्यवस्थित होतं. ह्यावर मी दोन रात्री विचार करत होतो आणि तिसऱ्या दिवशी साइटवर आमचा इलेक्ट्रिशियन एका फ्लॅटमधे बेडरूमचं बटण दाबून पॅसेजचा दिवा लावत होता ते बघून डोक्यात आलं. मॅनिफोल्डवर प्रत्येक लूपला एक पांढरी टोपी असते, ती थर्मोस्टॅटच्या वायरवर चालते, थर्मोस्टॅटने मागितलं की टोपी वर येते आणि पाणी सुटतं. मी धाकटीला म्हटलं की सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट एकदम खाली कर, सगळ्या टोप्या बंद झाल्या का बघ, मग फक्त पिल्लूच्या खोलीचा फुल्ल कर आणि पाच मिनिटं टोप्यांकडे बघत बस. ती बसली. मी पण बसलो, इकडे रात्रीचे बारा वाजत आलेले. वर आली ती अभ्यासाच्या खोलीची टोपी.

वायरी उलटसुलट! पिल्लूची खोली गार, तिचा थर्मोस्टॅट सारखा ऊब मागतोय आणि ऊब जातेय अभ्यासाच्या खोलीत, अभ्यासाची खोली तापली की तिचा थर्मोस्टॅट म्हणतो बस झालं आणि बंद होतो पिल्लूच्या खोलीचा व्हॉल्व्ह. दोन्ही आपापल्या जागी बरोबर काम करत होते आणि पोर मात्र गारठत होतं. नवीन घरात राहायला गेल्यावर ही पाच मिनिटांची तपासणी एकेका खोलीची करून घ्याच, त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

मग माणूस आला, किचनचा लूप धुऊन हवा काढली, दोन वायरींची अदलाबदल केली, तासाभरात गेला. किचनच्या नळीत आता १.८ दिसतंय. जाताना त्याने थर्मल कॅमेऱ्याने फरशी दाखवली. हे बघायचं असेल तर फरशी आधी थंड करून मग चालू करायचं आणि तासाभरात बघायचं, तेव्हा पाइपांची नक्षी स्पष्ट दिसते, कोबा पूर्ण तापला की सगळं एकसारखं होऊन जातं. धाकटीने स्क्रीनशॉट पाठवला, निळ्यावर पिवळी गोल गोल वेटोळी, अगदी चकलीसारखी. एका भिंतीच्या कडेने साठ सेंटिमीटरचा पट्टा मात्र निळाच होता आणि ती परत घाबरली, मी मे महिन्यातला फोटो काढून बघितला तर तिथे पाइप टाकलाच नव्हता, कारण त्यावर किचनची कपाटं येणार होती. कपाटाखाली मुद्दाम सोडतात, ते बरोबर आहे.

ह्या फोटोंचा अजून एक उपयोग आठ दिवसांतच झाला. जावयांना हॉलच्या दाराला स्टॉपर बसवायचा होता, जमिनीत ड्रिल मारून. धाकटीने फोटो उघडला, बरोबर त्याच जागी खालून पाइप जात होता. स्टॉपर गमने चिकटवला.

ज्यांच्याकडे पाण्याऐवजी विजेची मॅट टाकतात, बाथरूमच्या टाइल्सखाली वगैरे, त्यांनी मॅटचा रेझिस्टन्स तीनदा मोजून घ्यायचा, डब्यातून काढल्यावर, पसरल्यावर आणि टाइल्स लागल्यावर, आणि प्रत्येक वेळी वायरच्या इन्सुलेशनची पण टेस्ट. मॅटवर छापलेल्या आकड्याशी तिन्ही जुळले पाहिजेत. टाइल लावणाऱ्याच्या थापीने वायर तुटली तर मधलं माप बरोबर आणि शेवटचं चुकलेलं येतं, त्यावरूनच कळतं कोणाच्या हातून झालं.

आईला डिसेंबरात तिकडे जायचंय, गुडघ्यांमुळे तिला थंडीची भीती वाटते. परवा धाकटीने तिला कॉलवर भाची दाखवली, फरशीवर पोटावर पडून चित्र रंगवत होती, स्वेटर नाही, मोजे पण नाहीत. आई बराच वेळ नुसती बघत होती.

प्रेशर टेस्टचा आणि पहिल्या तापवणीचा सहीचा कागद अजून आलेला नाही. धाकटीने दोन मेल केलेत. मी तिला सांगितलंय की तिसऱ्या मेलला काट्याचे ते तिन्ही फोटो जोड, तारखेसकट, आणि शुक्रवारी पाठव.